एस्मे की सेंट्राल-सुपेलेक?

फ्रान्समध्ये इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल इंजिनिअरिंगची कॉलेजं म्हटलं की ही दोन नावं येतातच. एस्मे 1905 ची, पॅरिसला लागून इव्रीत, प्रायव्हेट, बॅक म्हणजे तिथली बारावी झाली की थेट पाच वर्षं, मध्ये पुन्हा एंट्रन्सचं टेन्शन नाही, पण फी जड जाते हो. सेंट्राल-सुपेलेक सरकारी, 2015 ला दोन जुनी कॉलेजं एकत्र करून झालेलं, आणि तिथली बरीच मुलं आधी दोन वर्षं प्रेपात, म्हणजे एंट्रन्सच्या तयारीच्या वर्गांत, घासून अभ्यास करतात, दर आठवड्याला सरांसमोर फळ्यावर उभं राहून गणित सोडवायचं, अडलं तरी खडू हातातच, मग लेखी-तोंडी परीक्षा. नाव त्याचंच मोठं, वादच नाही. पण इंजिनिअरची मान्यताप्राप्त पदवी दोन्हीकडे मिळते, त्यामुळे फी झेपत असेल आणि मुलाला ते प्रेशर नको असेल तर मी एस्मेच सांगेन.