सोलर झटका मशीन: डब्बा चांगला, सोबतची अर्थिंग अपुरी

रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) वावरात शिरू नयेत म्हणून धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) तारेत झटका सोडायला १२ व्होल्टचं सोलर झटका मशीन घ्यावं का? जरूर घ्यावं, पण आयईसी ६०३३५-२-७६ या विजेच्या कुंपण-यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचंच. त्यात ५०० ओहम भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जात नाही, झटका १० मिलिसेकंदांत संपतो आणि सेकंदाला साधारण एकच पडतो. त्या मधल्या उसंतीतच जीव वाचतो. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं होतं: सलग एसी करंट (घरच्या लाईनसारखा) सरासरी १६ मिलिअँपिअरच्या पुढे गेला की पुरुषाची मूठ उघडत नाही. तारेत थेट २३० व्होल्ट सोडला की माणूस चिकटतो तो असा. झटका मशीनच्या तारेवर ५-७ हजार व्होल्ट असूनही हात मागे घेता येतो.

"मशीन टकटक करते, पण डुकरं ऐकत नाहीत," ही नेहमीची तक्रार. दोष बहुतेक अर्थिंगचा. करंट जनावराच्या पायातून, जमिनीतून मशीनकडे परतला तरच झटका बसतो. बॉक्समधली हातभर सळई आपल्या काळ्या मातीत कुचकामी; उन्हाळ्यात भेगा पडल्या की माती सळईला सोडते. सहा फुटी तीन जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) रॉड, दहा-दहा फुटांवर, ओलीच्या जागी ठोका. पंपाच्या अर्थिंगपासून किमान ३५ फूट लांब.

अर्थिंगची तपासणी अशी: मशीन बंद करून शंभरेक मीटरवर दोन-तीन सळया जमिनीत ठोका, तारेला टेकवा. मशीन सुरू करा. तारेवर २,००० पेक्षा कमी व्होल्ट दिसले की अर्थिंग रॉडवर टेस्टर (झटक्याचे व्होल्ट मोजणारा) लावा. ३०० च्या वर गेलं तर आणखी एक रॉड हवा. टेस्टर वेगळा विकत घ्यावा लागतो, तो टाळू नका.

सोबतची ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी लहान पडते. मशीन २५० मिलिअँपिअर घेत असेल तर बारा तासांच्या रात्रीला ३ एएच लागतात. श्रावणात तीन दिवस ऊन नसलं की खेळ खलास. २६ एएच घ्या. बॅटरी बसली म्हणून तारेला लाईन जोडणं म्हणजे माणूस मारणं, वाघही. काटेरी तारेला झटकाही देऊ नका: अडकलेल्याला सुटता येत नाही.

खालची तार डुकरासाठी ८-९ इंचांवर, तिला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, म्हणून तिथलं गवत दर पंधरवड्याला कापा. रात्री अंधारात धुऱ्यावरून फिरा. खांबाशी "टक्" आवाज आणि निळी ठिणगी दिसली तर तो इन्सुलेटर तडकलेला आहे, बदला.