जुळे सोलापुरातला प्राण्यांचा दवाखाना: ४ स्टार, पाचवा पार्किंगमुळं गेला

आमची केस जरा वेगळी होती त्यामुळं रिव्ह्यू लांबलाय, चालवून घ्या. ताई-भाऊजी अमेरिकेत फिनिक्सला होते, ॲरिझोनात, ते आता कायमचे सोलापूरला आले आणि सोबत त्यांचा चिकू पण आला, लॅब्रेडॉर आहे. चिकूला तिकडंच व्हॅली फीवर (मातीतल्या बुरशीमुळं फुप्फुसाला होणारा आजार) झालेला, गोळ्या चालू होत्या आणि इथं आल्यावर त्या संपत आल्या. आधी ज्या दवाखान्यात गेलो (नाव घेत नाही) तिथं मोबाईलवर शोधून रिफ्ट व्हॅली फीवर काढून बसले. तो वेगळाच, आफ्रिकेतला, डासांमुळं शेळ्या-मेंढ्या-गुरांना होणारा व्हायरसचा आजार, याचा त्याचा काय संबंध? वर चिकू मागच्या पायानं लंगडतोय म्हटल्यावर गोचीड ताप असणार म्हणाले आणि चालू असलेलं फ्लुकोनॅझोल (बुरशीवरची तीच गोळी) बंद करा म्हणून सांगितलं. ताई तिथंच भांडायच्या बेतात होती, मी बाहेर काढलं.

मग कुणीतरी या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमचं नाव सांगितलं. त्यांनी सरळ सांगितलं की हा आजार मी फक्त वाचलेला आहे, पेशंट कधी बघितलेला नाही, तिकडचे रिपोर्ट ठेवून जा, गोळी मात्र बंद करायची नाही, मी वाचते आणि मग बोलू. डॉक्टर असं म्हणतोय हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं, नाहीतर आपल्याकडं माहीत नसलं तरी एक इंजेक्शन ठोकूनच पाठवतात.

आणि खरंच वाचून आल्या होत्या. ही बुरशी आहे, कॉक्सिडिऑइडिस नावाची, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, मेक्सिको असल्या कोरड्या भागातल्या मातीत राहते, माती उकरली, बांधकाम निघालं किंवा धुळीचं वादळ आलं की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासातून फुप्फुसात जातात. कुत्री तर जमिनीत नाक खुपसूनच फिरतात, म्हणून तिकडं कुत्र्यांना हा आजार भरपूर होतो. बाबांनी लगेच विचारलं, मग आपल्या अक्कलकोट रोडला काय कमी धूळ आहे का? तर धूळ कितीही असली तरी ती बुरशी आपल्या मातीत नाही, इथं जे पेशंट सापडतात ते तिकडं राहून किंवा फिरून आलेले असतात.

आमच्या घरात खरा प्रश्न आईचा होता, ती चिकूला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती. मॅडमनी तिला बसवून समजावलं की मातीतली बुरशी आणि शरीरातली बुरशी यांचं रूप वेगळं असतं, फुप्फुसात गेल्यावर तिची गोल पिशवी तयार होते, ती फुटली की आतून शेकडो नवीन कण बाहेर पडून तिथंच पसरतात, पण ते काय हवेतून लागणाऱ्या बीजाणूंसारखे नसतात, त्यामुळं चिकू खोकला तरी घरात कुणाला लागत नाही. जखमेतून पू वगैरे आला तर हातमोजे घाला एवढंच. आई आता त्याला भाकरी चारते आणि मॅडमनी नको म्हटलेलं असताना शेंगाचटणी पण लावते, असो.

लंगडण्याचं कारण पण हेच असू शकतं म्हणाल्या, बुरशी फुप्फुसातून हाडात उतरते. एक्सरे काढला, हाडात दिसलंच. म्हणजे आता गोळ्या लांबणार, साध्या केसला सहा महिने ते वर्ष लागतं आणि हाडात गेलं की अजून जास्त, काही कुत्र्यांना जन्मभर. फ्लुकोनॅझोल माणसांचंच औषध असल्यामुळं मेडिकलमध्ये मिळतं, फक्त मधूनमधून लिव्हरची रक्ततपासणी करायची. तिकडं ॲरिझोना युनिव्हर्सिटीवाले कुत्र्यांसाठी लस करतायत असंही त्यांनीच सांगितलं, बुरशीतलं सीपीएस१ नावाचं एक जीन काढून टाकलं की ती आजार करू शकत नाही पण शरीराला ओळख होते, कुत्र्यांवरच्या प्रयोगाचे निकाल २०२१ मध्ये आलेत आणि चांगले आलेत. चिकूला आता त्याचा उपयोग नाही म्हणा.

सगळ्यात कामाचं वाक्य मात्र त्या भाऊजींना बोलल्या. माणसांना पण हा होतो, साधारण ६० टक्के लोकांना काही जाणवतच नाही, बाकीच्यांना खोकला-ताप-थकवा आणि काहींना न्यूमोनिया. पुढं कधी तुमच्या छातीच्या एक्सरेत डाग निघाला तर इथं पहिला संशय टीबीचाच येणार आणि तो यायलाच पाहिजे, पण डॉक्टरांना ॲरिझोनात राहत होतो हे आपणहून सांगा, ते कुणी विचारणार नाही. जनावरांच्या डॉक्टरनं माणसाची एवढी काळजी केली बघा.

याच चकरांमध्ये आमच्या मांजराचं पण काम झालं. कानामागं केस गेलेले आणि पुतण्याच्या हातावर गोल चट्टा, म्हणजे नायटा. मॅडमनी अंधार करून निळसर दिव्याखाली मांजर धरलं तर केस हिरवे चमकले, तरीपण केस घेऊन तपासणीला लावले, कारण म्हणे सगळ्याच बुरशी चमकत नाहीत. पुतण्याला मात्र औषध द्यायला साफ नकार, स्किनवाल्याकडं जा म्हणाल्या आणि मेडिकलवाला स्टेरॉईड मिसळलेली ट्यूब देईल ती लावू नका, खाज थांबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. टॉवेल पण प्रत्येकाचा वेगळा करायला लावला. टॉवेलच्या गावात राहून आमच्या घरात तिघांना एक टॉवेल होता, काय बोलणार.

आता तक्रारी. पार्किंग नाहीच, गाडी लांब लावावी लागते आणि लंगड्या कुत्र्याला चालवत आणायचं म्हणजे हाल. एक्सरे मशीन नाही, दुसरीकडं पाठवतात. दुपारी फोन उचलत नाहीत. रविवारी गर्दी एवढी की दोन कुत्री आणि एक बोकड यांच्यामध्ये बसून आमचं मांजर पार वेडं झालं. फी जास्त वाटली नाही, आणि नको ती औषधं लिहून देत नाहीत त्यामुळं एकूण खर्च कमीच होतो.

जाणार असाल तर जुने रिपोर्ट सगळे घेऊन जा, जनावर कुठून आणलं, आधी कुठल्या गावात होतं हे सगळं विचारतात. आणि मांजर असेल तर झाकणाची टोपली न्या, पिशवीत कोंबून आणलेलं दिसलं की मॅडम सगळ्यांसमोर झापतात.