इलामचा सेकंड फ्लश चहा: चव, किंमत आणि पाकिटावरचं नाव

रेटिंग आधीच देते, ५ पैकी साडेचार. अर्धा गुण कशासाठी कापला ते खाली सांगते.

इलाम म्हणजे पूर्व नेपाळमधला, दार्जिलिंगला लागून असलेला डोंगराळ जिल्हा, आणि सेकंड फ्लश म्हणजे उन्हाळ्यातली दुसरी खुडणी. हा ऑर्थोडॉक्स चहा आहे, म्हणजे आपल्या घरातल्या सीटीसी दाण्यांसारखा नाही, लांब वळलेली पानं असतात, त्यामुळे दूध, साखर, आलं काहीच घालायचं नाही आणि उकळायचा तर अजिबात नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, कपाला एक चमचा पत्ती टाकून झाकण ठेवायचं, तीन ते चार मिनिटांत गाळायचा. रंग तांबूस सोनेरी येतो, झाकण काढल्या काढल्या पिकलेल्या द्राक्षांकडे झुकणारा वास येतो आणि घोट गेल्यावर जिभेच्या मागे मस्त गोडसर चव रेंगाळते. पाच-सहा मिनिटं राहिला तर तुरट होतो पण कडवट होत नाही. तीच पत्ती दुसऱ्यांदा वापरा, दुसरा कप पण छान निघतो, मला तर कधीकधी दुसराच जास्त आवडतो.

मी घेतला तो फिक्कलच्या बाजारातून. सिलिगुडीहून पानीटंकी, तिथून मेची नदीवरचा पूल ओलांडला की काकडभिट्टा, मग चारआलीवरून वर घाटात कन्याम आणि पुढे फिक्कल. आपल्याला व्हिसा लागत नाही, १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे त्यामुळे हिशोबही सोपा. दुकानदाराने फर्स्ट फ्लश (वसंतातली पहिली खुडणी), सेकंड फ्लश दोन्ही करून प्यायला दिले, घाई केली नाही. पुण्यात चांगल्या दार्जिलिंगला जे मोजते त्याच्या निम्म्याहून कमी पैसे लागले.

आता हे स्वस्त का, हा प्रश्न मला पहिल्या कपापासून पडलाय, कारण डोंगर तोच, उंची साधारण तीच, धुकं तेच, मधे फक्त सीमा. इलाममध्ये चहाची पहिली लागवड १८६३ ची, म्हणजे दार्जिलिंगनंतर फार उशिरा नाही. उलट नेपाळमधली बरीचशी झुडपं नंतरच्या लागवडीची, तरुण आहेत, आणि दार्जिलिंगच्या कित्येक मळ्यांत शंभर वर्षांहून जुनी. दार्जिलिंगच्या नावाजलेल्या मळ्याचा उत्तम मस्कॅटेल, म्हणजे द्राक्षांसारख्या वासाचा चहा, समोर ठेवला तर तो अजूनही वरचढ आहे, हे मान्य करायलाच हवं, अर्धा गुण तिथेच गेला. पण मधल्या दर्जाच्या दार्जिलिंगपेक्षा हा चहा मला सरस वाटला.

फरक आहे तो नावाचा. दार्जिलिंग हा भारतातला पहिला जीआय (भौगोलिक मानांकन), २००४ चा, ठरलेल्या ८७ मळ्यांतल्या चहालाच ते नाव लावता येतं. नेपाळचा ऑर्थोडॉक्स चहा मोठ्या प्रमाणात भारतात येतो तो सुट्टा, गोण्यांमधून, आयात ड्यूटी न भरता, कारण भारत-नेपाळ व्यापार करार तसा आहे. आणि मग त्यातला काही दार्जिलिंगमध्ये मिसळून किंवा दार्जिलिंग म्हणूनच विकला जातो ही तक्रार जुनी आहे. २०१७ मध्ये वेगळ्या गोरखालँड राज्यासाठीच्या आंदोलनात दार्जिलिंगचे मळे १०४ दिवस बंद राहिले, जवळजवळ अख्खा सेकंड फ्लश गेला, तेव्हा परदेशी गिऱ्हाईक पण नेपाळकडे वळलं. शेवटी २०२१ मध्ये भारताच्या टी बोर्डाने आयात चहा दार्जिलिंगमध्ये मिसळायला मनाईच केली, आणि ते अगदी योग्य केलं.

दार्जिलिंगवाल्यांचा राग मला कळतो. आपल्या श्रीवर्धनच्या सुपारीवाल्यांना विचारा. श्रीलंकेबरोबरच्या करारातून कमी ड्यूटीत सुपारी येते, त्यात तिसऱ्याच देशातली सुपारी श्रीलंकेच्या नावाने घुसते अशी ओरड होती, सरकारला २०२३ मध्ये किमान आयात किंमत किलोला ३५१ रुपये करावी लागली. दिल्लीत सही होते आणि भाव पडतो तो कोकणातल्या वाडीत.

पण इलामच्या शेतकऱ्याचं काय? नेपाळचा जवळजवळ दोन तृतीयांश व्यापार एकट्या भारताशी आहे. आपल्या बाजूने बघितलं तर नेपाळ म्हणजे एक छोटी ओळ आहे हिशोबात. १९९६ च्या करारात भारताने खरंच मोठं मन दाखवलं होतं, नेपाळमध्ये बनलेल्या जवळपास सगळ्याच वस्तू ड्यूटीशिवाय, किती मूल्य तिथे वाढलं हे न विचारता. मग वनस्पती तूप, तांब्याच्या वस्तू असा माल एवढा यायला लागला की २००२ मध्ये अटी आल्या, किमान ३० टक्के मूल्यवाढ नेपाळमध्ये व्हायला हवी आणि वनस्पती तुपाला वर्षाला १ लाख टनांची मर्यादा. तरी पुढे काय झालं तर पाम तेल! ज्या देशात पामचं पीकच नाही त्याची भारताकडची आघाडीची निर्यात झाली रिफाइंड पाम तेल, कच्चं बाहेरून आणायचं, रिफाइन करायचं आणि दोन देशांच्या ड्यूटीतल्या फरकावर कमवायचं. जानेवारी २०२० मध्ये भारताने रिफाइंड पाम तेलाच्या आयातीवर निर्बंध घातले तर पाठोपाठ त्याच वाटेने सोयाबीन तेल यायला लागलं.

हे वाचल्यापासून मला चैन नाही. करारातली सवलत खाऊन गेले रिफायनरीवाले, आणि जो माल शंभर टक्के तिथल्या मातीतला, हजारो लहान शेतकऱ्यांनी हाताने खुडलेला, त्याचे ट्रक काकडभिट्ट्याला थांबतात. का, तर नमुने तपासायला कोलकात्याला जातात आणि रिपोर्ट येईपर्यंत माल पडून. तपासणी हवीच, कीटकनाशकाचे अंश असलेला चहा मलाही नकोय. पण नेपाळमध्येच दोन्ही देशांना मान्य अशी लॅब उभी करणं हे मोठ्या शेजाऱ्याला अवघड आहे का? ड्यूटी शून्य असणं आणि माल वेळेत बाजारात पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ऑर्थोडॉक्स चहाचा सगळा जीव वासात असतो, पावसाळ्यात गोदामात अडकला की तो गेलाच.

नुसतं दार उघडं ठेवल्याने लहान देशाचं भलं होत नाही असं माझं ठाम मत झालंय. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पाकिटात विकता आलं तर पैसा वर डोंगरात पोचतो, नाहीतर सुट्टा माल इलामचा आणि नफा पॅकिंग करणाऱ्याचा. नाव नीट लावलं तर दार्जिलिंगचाही भाव टिकेल, दोघांचं भांडण मुळात मिसळणाऱ्याशी आहे, एकमेकांशी नाहीच.

तर घेताना एवढं बघा. पाकिटावर नेपाळ किंवा इलाम स्पष्ट छापलेलं हवं, फ्लश आणि पॅकिंगचा महिना हवा. नेपाळने स्वतःच्या चहासाठी लोगो काढलाय तो दिसला तर उत्तम. नुसतं ‘हिमालयन टी’ लिहिलेलं असेल तर विक्रेत्याला विचारा की बाबा कुठला, आणि सांगता आलं नाही तर सोडून द्या. ‘दार्जिलिंग’ म्हणून फारच स्वस्तात मिळत असेल तर तोही सोडा. शंभर ग्रॅमचंच पाकीट घ्या, काचेच्या किंवा पत्र्याच्या घट्ट डब्यात ठेवा, मसाल्यांपासून लांब. दूध घालूनच चहा लागतो अशांनी यावर पैसे घालवू नका, त्यांना आसामच बरा.