‘साउंडप्रूफ’ खिडक्यांच्या नावाखाली १,०३,०५० रुपये गेले

रक्कम आधीच सांगते: १,०३,०५० रुपये. तीन खिडक्या. आवाज जवळजवळ होता तेवढाच. लाज वाटत होती म्हणून नातेवाइकांत कुणाला बोलले नव्हते. पण परवा माझी मावसबहीण खिडक्या बसवणाऱ्या त्याच माणसाला ॲडव्हान्स द्यायला निघाली, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. एकीकडे ए. बी. रोड, दुसरीकडे महूची रेल्वेलाइन. रात्री ट्रक, लग्नसराईत डीजे. सासूबाई ८१ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या सुरू, रात्र रात्र डोळा लागत नाही. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा, असा २००० सालचा नियम आहे. तो पाळतं कोण? म्हणून खिडक्या बदलायच्या ठरवल्या. हौस म्हणून नाही, हे आधी समजून घ्या.

तो माणूस व्हॅन घेऊन आला. व्हॅनमध्ये काचेचं दार असलेला डबा, डब्यात ट्रकचा हॉर्न. दार उघडं असलं की कान फाटतात, लावलं की हॉर्न जणू दुसऱ्या गल्लीत वाजतोय. “आंटीजी, यही आपके बेडरूम में लगेगा.” डब्यात फसवणूक काहीच नव्हती, आणि हेच मला जास्त लागतं. त्या छोट्या दाराला चारही बाजूंनी रबर घट्ट दाबून बसतं, हवा जायला केसभर फट नाही. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. घरांत नेहमी असते ती सरकती खिडकी ब्रशच्या झालरीवर चालते, तिथे फट राहतेच. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये राहते ती आणखी मोठी. डब्याला भिंतच नव्हती.

कोटेशन असं: यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, बाहेर उघडणारी खिडकी, दुहेरी रबर. बाहेरची काच ६ मिमी, मध्ये १२ मिमी पोकळी, आतली ६.३८ मिमीची लॅमिनेटेड, म्हणजे दोन पातळ काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा. ६७ चौरस फूट, दर १,४५०, म्हणजे ९७,१५०. फोम आणि सिलिकॉनचे ३,५००. जुन्या खिडक्या काढायचे २,४००. पक्कं बिल हवं तर नुसत्या खिडक्यांवरच १८ टक्के जीएसटी, आणखी १७,४८७. आम्ही कच्च्यावर भागवलं. यावरून आता मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आपल्या घरच्या फर्निचरची पक्की बिलं आधी दाखवावीत. या धंद्यात सगळे असेच व्यवहार करतात, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या कोटेशनवर काचेची जाडी स्पष्ट लिहिलेली होती.

६०,००० ॲडव्हान्स, चौकटी बसल्यावर ३०,०००. उरलेले १३,०५० “आवाज मोजून दाखवल्यावर”. ही अट मी घातली होती. मीच.

आता तो क्षण. काम सुरू करण्याआधी त्याने मोबाइलवर ॲप उघडलं, बेडरूममध्ये उभा राहिला आणि आकडा दाखवला: ७४. जुनी खिडकी तेव्हा उघडी होती. सताड उघडी, पडदा हलत होता, मी समोर उभी होते. काम झाल्यावर नवी खिडकी बंद करून दाखवला: ५१. “देखिए, तेईस डेसिबल कम!” आणि मी १३,०५० रुपये त्याला तिथेच यूपीआयने पाठवले.

उघडी खिडकी आणि बंद खिडकी! तुलना कसली? पण घरात प्लास्टरचा धुरळा, सासूबाईंना हॉलमध्ये झोपवलेलं, कारागीर चहा मागतायत. त्यात कुणाच्या लक्षात येणार? नवराही शेजारीच होता, इंजिनिअर आहे, त्याच्याही नाही आलं. तेव्हा “बाईमाणूस बघून फसवलं” हे मला ऐकवू नका. नंतर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, आमच्याच जुन्या बनावटीची खिडकी बंद करून त्याच फोनवर मोजलं: ५४. म्हणजे एक लाखात तीन डेसिबल. कानाला आवाज निम्मा वाटायला दहाच्या आसपास फरक लागतो. तीनचा जेमतेम कळतो.

पावसाळ्यात दोन काचांच्या मध्ये दव धरलं. आत हात पोचत नाही, पुसणार कसं? मुलाने ओळखीच्या काचवाल्याला आणलं. त्याने काच धरून ठेवणारी चौकटीची पट्टी काढली तर आत ४ मिमीच्या दोन साध्या काचा, मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी दुतर्फा टेपने चिकटवलेली. पट्टीत ओल शोषणारे दाणे नाहीत, कडेला सील नाही, लॅमिनेट तर नाहीच. चौकटीभोवतीचं सिलिकॉन कापलं तर मागे थर्माकोलचे तुकडे आणि वर्तमानपत्राचे बोळे. फोमचे पैसे मी दिलेत! ते बोळे बघून मला रडू आलं.

पैसे देण्याआधी काचेसमोर पेटता लायटर धरा. दोन काचांच्या खिडकीत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. लॅमिनेट मात्र यात कळत नाही, ते काच बसवण्याआधी कडेवरून बघा. पापुद्र्याची रेघ दिसते.

फोन केला तर “आंटी, मौसम की वजह से है”, मग नंबर ब्लॉक. ज्या कंपनीचा डीलर म्हणवत होता, त्यांनी कळवलं की असा आमचा डीलरच नाही. हे आधी कंपनीला विचारा, एका ईमेलचं काम आहे.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला. “ये तो सिविल मैटर है मैडम, खिड़की तो लगी है न?” लावली नसती तर गुन्हा, खोटी लावली तर नाही? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते मी छापून नेलं होतं. वाचलंसुद्धा नाही. अर्जावर पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. पुन्हा गेले तर साहेब बंदोबस्तावर. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आमचा संबंध नाही. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तर काही दिवसांनी “निराकरण” लिहून बंद. कुणाचं निराकरण? मला एक फोन नाही, घरी कुणी आलं नाही, काच कुणी बघितली नाही. पुन्हा उघडा म्हटलं तर नवीन तक्रार नोंदवा. कर भरायचा आम्ही, आणि लाख रुपये गेल्यावर जिन्यात उभं राहायचंही आम्हीच.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. वकिलाने पहिल्यांदा विचारलं: काढलेली काच कुठे आहे? नशिबाने मुलाने ती टेप आणि बोळ्यांसकट माळ्यावर ठेवली होती, पट्टी काढतानाचा व्हिडिओही आहे. तुमच्याकडे असं झालं तर दुरुस्ती करून पुरावा फेकून देऊ नका.

तो आता सुदामा नगर आणि अन्नपूर्णा भागात फिरतोय. तोच हॉर्नचा डबा. दारात आला तर आधी जुनी खिडकी बंद करून मोजायला लावा.