बुडालेल्या जगातली सर्कस: ‘द ग्रेसकीपर्स’ दुसऱ्यांदा वाचल्यावर

कर्स्टी लोगन या स्कॉटिश लेखिकेची ही कादंबरी (२०१५) मी घेतली ती सर्कशीसाठी. समुद्राने जवळजवळ सगळी जमीन गिळली आहे. उरलेल्या बेटांवर ‘लँडलॉकर’ राहतात, आणि ‘डॅम्पलिंग’ जन्मभर बोटीवर. एक्सकॅलिबर नावाची सर्कस बेटाबेटावर खेळ करत पोट भरते. तिचे विदूषक जुन्या जगातले बँकवाले बनून रिंगणात येतात, आणि प्रेक्षक मनातला सगळा राग त्यांच्यावर काढतात. हा भाग जबरदस्त उतरलाय.

नॉर्थ ही मुलगी अस्वलाबरोबर खेळ करते. आपल्याकडे १९९८ च्या अधिसूचनेने सर्कशीतली अस्वलं, वाघ, माकडं बंद झाली, त्यामुळे कॉलेजातल्या भाचीला ते अस्वल निव्वळ कल्पनेतलं वाटलं. मला मात्र लहानपणी बडोद्यात पाहिलेल्या तंबूतला भुश्याचा वास आठवला.

पण एवढ्या महिन्यांनी मनात घर करून राहिली ती कॅलॅनिश. ती कायम हातमोजे घालून वावरते. समुद्रात वारलेल्यांना पाण्यात मूठमाती देणं हे तिचं काम. वर पिंजऱ्यात एक पक्षी ठेवायचा, त्याला खायला घालायचं नाही. तो मेला की सुतक संपलं. वाचताना अंगावर काटा आला, कारण पिंडाला कावळा शिवेपर्यंत खोळंबलेली माणसं मी पाहिली आहेत. दुःखाची मुदत पाखरावर सोपवायची, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. जग बुडालं तरी माणसं रीत सोडत नाहीत, हे लोगनने फार मायेने लिहिलंय.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं, त्यानंतर पुन्हा वाचली. तळमजल्यावरच्या काकूंनी गॅसचा सिलिंडर आणि देव्हारा जिन्यावर आणून ठेवला होता. वरच्या मजल्यावरचे चहा देत होते, मदत करत होते, तरी कोणाचं घर उंचावर आणि कोणाचं खाली हे त्या दोन दिवसांत प्रत्येकाला कळत होतं. जमीनवाले आणि पाण्यातले यांच्यातली तेढ मला पहिल्या वाचनात जरा ओढूनताणून आणलेली वाटली होती. आता तशी वाटत नाही.

उणिवा आहेत. मधली शंभरेक पानं सर्कसमालकाच्या घरगुती कुरबुरीत रेंगाळतात. नॉर्थ आणि कॅलॅनिश एकदा भेटतात आणि मग इतका काळ दूर राहतात की त्यांची ओढ लेखिकेच्या शब्दावर मान्य करावी लागते. शेवट घाईत उरकलाय. बोटींना लाकूड, माणसांना धान्य कुठून मिळतं, याचा हिशेबही नीट लागत नाही.

इंग्रजी अवघड नाही, पण वर्णनं सावकाश वाचावी लागतात. गरोदरपण आणि मरण यांबद्दल मोकळेपणाने लिहिलंय, म्हणून सोळाच्या पुढच्यांना द्यावी. भाचीने नॉर्थची प्रकरणं तेवढी सलग वाचून काढली आणि बाकीची नंतर. तसं वाचलं तरी चालतं, फक्त कॅलॅनिशची वगळू नका.