स्टो की चॅट्सवर्थ? बाग पाहायला एकच दिवस असेल तर

इंग्लंडला मुलांकडे किंवा कामासाठी गेलेल्या अनेकांना तिथल्या उमरावांच्या हवेल्या आणि त्यांच्या बागा पाहायच्या असतात; मोकळा दिवस मात्र एखादाच मिळतो. मग बकिंगहॅमशरमधलं स्टो पाहावं की डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ? दोन्ही बागा तीनशे वर्षांहून जुन्या. दोन्हींचा आराखडा पिढीगणिक बदलत गेला आणि 'केपेबिलिटी' ब्राऊन या एकाच बागरचनाकाराचा हात दोन्हींवरून फिरला. फरक आहे तो जुन्याचं काय झालं यात. स्टोमध्ये नव्याने जुनं पुसून टाकलं, तर चॅट्सवर्थमध्ये बरंचसं जुनं नव्याच्या शेजारी टिकून राहिलं.

आधी स्टो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हवेलीचा मालक लॉर्ड कॉबम याच्यासाठी चार्ल्स ब्रिजमनने इथली बाग आखली ती सरळ रस्ते, रांगेतली झाडं आणि हवेलीच्या दक्षिणेला अष्टकोनी तळं अशी. पण त्याने एक गोष्ट वेगळी केली. कुंपणाची भिंत वर न बांधता जमिनीखाली उतरवली. बागेच्या कडेला खोल चर, चराची आतली बाजू उभ्या दगडी भिंतीची, बाहेरची बाजू उताराची. गुरं आत येऊ शकत नाहीत आणि हवेलीतून पाहणाऱ्याला अडसर दिसतच नाही. नजर थेट कुरणापर्यंत जाते. याला तिथे हा-हा म्हणतात. माझ्या मते पुढचा सगळा बदल या चरातूनच सुरू झाला. बाग कुठे संपते हेच कळेनासं झाल्यावर आतल्या ताठ रेषा डोळ्यांना खुपणारच.

१७३०च्या दशकात विल्यम केंट या वास्तुकाराने एका छोट्या घळीत ओढा, झाडी आणि ग्रीक-रोमन धाटणीची देवळं रचली. कॉबम तेव्हा पंतप्रधान वॉलपोलच्या विरोधात गेला होता, आणि तो राग बागेच्या मांडणीत उतरला. ओढ्याच्या एका काठावर प्राचीन सद्गुणांचं सुबक देऊळ. त्याच्याजवळच आधुनिक सद्गुणांचं देऊळ मुद्दाम पडकं बांधलेलं! समोरच्या काठावर शेक्सपिअर, न्यूटन, मिल्टन, राणी एलिझाबेथ अशा १६ मान्यवरांचे अर्धपुतळे. या पुतळ्यांच्या मागच्या बाजूला आवर्जून जा. तिथे सिन्योर फिडो नावाच्या कुणा सज्जनाच्या सद्गुणांचा लेख कोरलाय. तो माणूस नव्हता, ग्रेहाउंड कुत्रा होता, हे अगदी शेवटी कळतं.

१७४१मध्ये पंचविशीतला ब्राऊन इथे माळी म्हणून आला आणि दहा वर्षं राहिला. पुढे देशभर त्याच्या नावाने ओळखली गेलेली शैली, म्हणजे लांबलचक हिरवे उतार आणि मधूनच झाडांचे पुंजके, त्याने इथल्या 'ग्रीक दरी'त घडवायला सुरुवात केली. त्याच काळापासून सरळ रेषा मोडत गेल्या. अष्टकोनी तळ्याचे कोपरे घालवून काठ वळणदार केला. १७६०च्या दशकात हवेलीतून दिसणारा देखावा रुंद करायला तळ्याकाठचे दोन मंडप चक्क हलवून एकमेकांपासून दूर उभे केले. आज त्या काठावर उभं राहिलं तर जुना आराखडा हातात असल्याशिवाय अष्टकोन सापडत नाही. नाव मात्र अजून 'ऑक्टॅगन लेक'च आहे. आणखी एक गोष्ट पुसली गेली: स्टो गाव. घरं गेली, माणसं गेली; झाडीत लपलेलं चर्च तेवढं उरलं. एवढ्या देखण्या जागेत ही गोष्ट मला बोचते.

चॅट्सवर्थला असं शोधावं लागत नाही. १६९६मध्ये फ्रेंच कारागीर ग्रिये याने रचलेला आणि नंतर मोठा केलेला पायऱ्यांचा धबधबा टेकडीच्या उतारावर आजही आहे. पायऱ्यांचे २४ टप्पे आहेत. प्रत्येकाची घडण थोडी वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाजही टप्प्याटप्प्याला बदलतो. ब्राऊनने इथल्या आखीव वाफ्यांची हिरवळ केली, पण धबधब्याला धक्का लावला नाही. १८२६मध्ये जोसेफ पॅक्स्टन मुख्य माळी झाला आणि त्याने प्रचंड शिळांची बाग, काचघरं आणि १८४४चं एम्परर कारंजं उभं केलं. त्याला पंप नाही. वरच्या माळावर तलाव खणून, निव्वळ उंचीच्या दाबावर पाणी सुमारे ९० मीटरपर्यंत उडाल्याची नोंद आहे.

पॅक्स्टनने इथे वाढवलेल्या केळीला चॅट्सवर्थच्या मालकाच्या, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकच्या घराण्याचं नाव मिळालं: कॅव्हेंडिश. जळगावच्या शिवारात आज दिसणारी जी-नाईन केळी याच गटातली. पॅक्स्टनचं सर्वांत मोठं काचघर मात्र १९२०मध्ये पाडलं. पहिल्या महायुद्धात ते तापवायला कोळसा मिळेना आणि आतली झाडं मेली. त्या जागी आता झुडपांचा भुलभुलैया आहे.

सोयीचं पाहिलं तर लंडनहून स्टो जवळ. मिल्टन कीन्सपर्यंत रेल्वे, पुढे टॅक्सी. बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असल्याने त्यांचं सभासदत्व चालतं. हवेलीत १९२३पासून शाळा असल्याने आत जाता येण्याचे दिवस मोजके. चॅट्सवर्थला चेस्टरफिल्ड किंवा शेफिल्डहून जावं लागतं आणि तिकीट वेगळं, पण हवेलीही नीट पाहता येते. धबधब्याला पाणी सोडलंय का, हे निघण्यापूर्वी बघून घ्या.

सोबत लहान मुलं असतील, किंवा बागांची फारशी ओळख नसेल, तर चॅट्सवर्थला जा. तिथे प्रत्येक काळ काही ना काही दाखवतो. पण आखीव बागेचा मोकळा देखावा कसा झाला हे समजून घ्यायचं असेल तर स्टो, आणि मी स्टोच निवडेन. जाताना ब्रिजमनच्या काळातला नकाशा फोनमध्ये घ्या आणि शक्यतो पानगळ झाल्यावर जा. झाडी विरळ असते, त्यामुळे जमिनीचे चढउतार आणि एका देवळातून दुसऱ्याकडे जाणारी नजर दोन्ही स्पष्ट कळतात.