कोकम सरबताचा ब्रँड: थर्ड पार्टी, स्वतःचं युनिट की अर्धं-अर्धं?

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, ओळखीच्या बागेतले, पाककृती आईची, लेबल भाच्याने करून दिलेलं. आता सरबत बनवायचं कुठे, एवढाच प्रश्न उरला असेल तर पुढचं वाचा. फूड लायसन्स, बारकोड, बाटलीचे दर हे तुम्ही तपासलेलं असणारच, त्यात शिरत नाही. मी दोन वाटा चालून पाहिल्या, तिसरी मित्राच्या खांद्यावरून पाहिली. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

पहिल्या हंगामात मी रत्नागिरीकडच्या एका कारखान्यात थर्ड पार्टी काम दिलं, म्हणजे बनवायचं त्यांनी, नाव आपलं. गाळणी, फिलिंग, झाकण, बॅच नंबर, सगळं त्यांचं. बाटली दिसायला झकास आली, अजूनही घरात एक ठेवली आहे. पण चवीचा प्रश्न लगेच निघाला. आमच्याकडे सालं साखरेत घालून आठ दिवस ठेवतात आणि सुटलेला रस गाळतात. त्यांची नेहमीची पद्धत म्हणजे आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) साखरेचा पाक. सुपरवायझर म्हणाला, "आठ दिवस ड्रम नुसते ठेवायचे? जागा कुठाय?" त्याचं चूक नव्हतं. बिया कोणाच्या, हाही वाद झाला. कोकमतेलवाले त्या विकत घेतात, त्यामुळे करार करताना हे आधीच लिहून घ्या.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. तारखेचं मात्र नाही चालवता आलं.

रातांबा पिकतो एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस लागायच्या आत तो उतरवावा लागतो. नेमक्या त्याच दिवसांत कारखान्याच्या दारात कॅनिंगच्या आंब्याच्या गाड्या लागलेल्या असतात. मला 12 मे दिली होती. मग 16 झाली. मग "साहेब, एवढा आंबा संपू दे." तोवर माझे चाळीस क्रेट अंगणात येऊन पडले होते. दुसऱ्या दिवशी खालच्या क्रेटमधून लाल पाणी वाहायला लागलं, तिसऱ्या दिवशी माश्या, आणि चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर शिरक्यासारखा वास. जे घट्ट होते त्यांची सोलं घातली. उरलेले माडाच्या आळ्यात गेले. काकी दिवसभर काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

कारखानदाराला मी दोष देत नाही. त्याचं वर्षभराचं गणित आंब्याच्या त्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांवर असतं. त्यात पाचशे बाटल्यांचं गिऱ्हाईक रांगेत शेवटीच उभं राहणार. पण हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मग स्वतःचं युनिट? मित्राने टाकलं. तारीख त्याच्या हातात आहे, चवही. पण थ्री फेज जोडणीसाठी हेलपाटे, वळवाच्या पावसात वीज गायब, आणि मेमध्ये माणसं आंब्यावर गेलेली. पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून तेव्हा 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान मिळत होतं हे खरं. ते कर्जाला जोडलेलं होतं आणि तीन वर्षं बँकेतच अडकून राहायचं, हे तितकंसं कोणी बोलत नाही. शिवाय कोकम दोन महिन्यांचं. बाकीचे दहा महिने मशीन रिकामी राहू नये म्हणून तो आता जांभूळ, आवळा, फणसपोळी सगळंच करतो. ज्याला तेच करायचंय त्याने खुशाल युनिट टाकावं. मला सरबतच विकायचं होतं.

दुसऱ्या वर्षी मी काम मधोमध तोडलं. ज्याला थांबता येत नाही ते घरी, ज्याला थांबता येतं ते बाहेर. रातांबे फोडून सालं त्याच दिवशी साखरेत जातात, किलोला दोन किलो. त्यासाठी मागची पडवी फरशी घालून, जाळी लावून घेतली, फूड ग्रेड ड्रम आणले. विजेचं काम फक्त एका बल्बपुरतं. पडवीसाठी फूड रजिस्ट्रेशन वेगळं काढलं. तेव्हा 12 लाखांच्या उलाढालीपर्यंत वर्षाला 100 रुपयांत ते होत होतं. रोज मात्र ढवळावं लागतं. सालं वर तरंगतात, साखर तळाला बसते, एक दिवस आळस केला की वरच्या थरावर बुरशी दिसते. एक ड्रम मी असा घालवला आहे.

एकदा साखरेने रस धरला की घाई संपते. आंबा आटोपल्यावर एका छोट्या युनिटला जॉबवर्क देतो. गाळणं, तापवणं, भरणं त्यांचं. सिरपला ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) किमान 65 लागतो, घरच्या ड्रममध्ये तो बॅचगणिक हलतो, तेही ते रिफ्रॅक्टोमीटर हे ब्रिक्स मोजायचं यंत्र लावून जुळवून देतात. बाटलीमागे खर्च थोडा जास्त पडतो, आणि चिकट ड्रम टेम्पोत चढवणं हे काम मी शत्रूलाही सांगणार नाही. लेबलवर आपल्याबरोबर त्यांचाही लायसन्स नंबर टाकावा लागतो. काही दुकानदार त्यावरून "म्हणजे तुम्ही बनवत नाही का?" असं विचारतात. मी पडवीचा फोटो दाखवतो.

तुमचं पेय थेट पिण्याचं असेल, सोडा भरलेलं किंवा टेट्रापॅकमधलं, तर ही वाट बहुधा चालणार नाही. तिथे थर्ड पार्टीच बरी. फक्त फेब्रुवारीतच तारीख लेखी घ्या, आणि ती चुकली तर कच्च्या मालाचं काय, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

यंदा जूनच्या मध्यावर ड्रम पोचवले तेव्हा बाहेर मिरग कोसळत होता. युनिटच्या शेडमध्ये दोन बायका रिकाम्या बाटल्या पुसत बसल्या होत्या. मालकाने ड्रम मोजले आणि विचारलं, "एवढेच? आणखी नाही का काही?"